आतून चपडा

शहादा, जि. धुळे
१४ जानेवारी १९७८

चि. ज्ञानदेव,

संक्रांतीचा आशीर्वाद घे. दवाखान्यात तिळगूळ वाटून झाला आणि तुझे पत्र दुसऱ्यांदा वाचायला बसले. आकुर्डीच्या घरावर स्लॅब पडला, आणि मागची, विहिरीच्या बाजूची खोली ताईची, हे वाक्य मी आमच्या आयाला, अंबुबाईला, मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाई, आता तुम्ही गेल्यातच जमा." तिला वाईट वाटले आणि मला बरे वाटले, म्हणून मग मलाही थोडे वाईट वाटले.

पुढच्या वर्षी जूनअखेर मी निवृत्त होते. नर्सचे क्वार्टर त्याच दिवशी सोडावे लागते. सगळा जन्म सरकारी छपराखाली गेला, आता जायला जागा म्हणजे तुझी ती खोली. दुसरी नाही, आणि तू असल्यावर लागतही नाही.

चऱ्होलीहून बाबांच्या सागवानी फळ्या आणल्यास हे फार चांगले केलेस. माझ्या लग्नातल्या कपाटासाठी त्यांनी त्या वाळत घातल्या होत्या. फळ्या वाळायच्या आधीच मी पांढऱ्या कपाळाने परत आले. मग त्यांनी त्या फळ्यांना कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक आले की म्हणायचे, "ते लाकूड कस्तुराचं हाय."

तू विचारतोस, कपाटाला आतून काय लावू. बाहेरून तुला हवे ते लाव, माझी लुगडी काही बाहेर राहणार नाहीत. आतून मात्र चपडाच, लाखेचे पॉलिश. जवसाचे तेल नको आणि वार्निशही नको. बाहेर लावलेले तेल वाऱ्यावर सुकते. बंद कपाटात त्याचा वास जायला वाट नसते, तो वर्षानुवर्षे आतच राहतो आणि कपड्यांना धरतो. बाबांनी एकदा घाईघाईत पाटलांच्या पेटीला आतून तेल दिले होते. पाटलीणबाई दिवाळीला त्यातला शालू नेसून देवळात गेल्या, तर बायका सरकून बसल्या. तू तेव्हा रांगत होतास. तेव्हापासून आपल्याकडे कायदाच झाला, बंद वस्तूला आतून चपडा. चपड्याच्या पापड्या स्पिरिटमध्ये भिजत घालायचे काम माझे असे, आणि तू माझ्या पाठीशी बांधलेला असायचास. आई गेल्यावर तुला दुसरी पाठ कुठली होती.

दुर्गाला आणि ज्योतीरामला आशीर्वाद.

तुझी ताई,
कस्तुरा

*

आकुर्डी
५ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप ताईस,

ज्ञानदेवाचा नमस्कार. तुझा कायदा पोचला. अगं, मी कंपनीत पॅटर्न शॉपला आहे. आधी आम्ही लाकडाचा नमुना करतो, मग त्यावरून लोखंडाचे ओतकाम होते. त्या नमुन्यांना चपड्याचे हात देता देता माझी बोटे पिवळी झाली. तरी मला चपडा शिकवणारी बहीण शहाद्याला बसली आहे. ऑफिसरलासुद्धा मी इतके ऐकून घेत नाही.

माझे मत आतून पांढरा ऑइलपेंट द्यावा असे होते. झुरळ दिसते, पुसता येते. पण तुझे कपाट, तुझा हुकूम. फळ्या किती उंचीवर हव्यात ते कळव. मी दुर्गाला विचारले, ताईचा हात कुठवर पोचतो. ती म्हणाली, "वन्सं उंच हायेत का बुटक्या, ह्ये बी इसरलात व्हय?" खरेच, मागच्या खेपेला तू येऊन गेलीस त्याला किती वर्षे झाली.

ज्योतीराम कंपनीत पर्मनंट झाला. स्थळे येऊ लागली आहेत. लोक हुशार झालेत, ताई. चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारतात, "पोराला सोताची खोली हाय का?" पूर्वी शेती विचारायचे. आता शेतीत कंपन्या आल्या, तर खोली विचारतात. असो. देव काढील मार्ग.

तुझा,
ज्ञानदेव

*

शहादा
२ मार्च १९७८

चि. ज्ञानदेव,

आशीर्वाद. मी बुटकी आहे असे दुर्गाला सांग, आणि म्हातारपणी आणखी होईन. वरची फळी माझ्या डोळ्यांच्या रेषेत ठेव, म्हणजे स्टुलावर चढायला नको. मधल्या दोन फळ्यांत लुगडी आणि चादरी. खाली एक मोठा कप्पा मोकळा सोड. त्यात माझी बाळंतपणाची पेटी राहील. निवृत्त झाले तरी हात थोडेच निवृत्त होतात.

ज्योतीचे लग्न निघाले हे वाचून आनंद झाला. खोली विचारतात तर सांग की पुढची खोली त्याची. प्रशस्त आहे, रस्त्याकडे खिडकी आहे असे तूच लिहिले होतेस. म्हातारीला कशाला रस्ता, मला विहीरच बरी.

लग्नाला मी आठवडाभर आधी येते. रजा शिल्लक आहे. नवऱ्या मुलाला हळद मी लावायची नाही हे मला ठाऊक आहे, कुणी आठवण करून द्यायला नको. पण पुरण मी वाटीन आणि मांडवात कोपऱ्यात बसून सगळे डोळे भरून बघीन. तारीख ठरली की लगेच कळव. इथून निघायचे म्हणजे धुळ्याला गाडी बदलावी लागते.

चपडा उन्हाळ्यातच उरकून घे.

ताई

*

शहादा
३० मे १९७८

चि. ज्ञानदेव,

आशीर्वाद. तुझे कार्ड काल मिळाले. त्यातल्या तारखेप्रमाणे ज्योतीचे लग्न मागच्याच रविवारी लागून गेले.

मुलगी पसंत पडली आणि मुहूर्त जवळचाच धरावा लागला असे लिहितोस. असेल तसे. पोस्टाच्या नावाने मी काल पुष्कळ बोटे मोडली, आमच्या पोस्टमनला बिचाऱ्याला पाणीसुद्धा विचारले नाही. आज राग उतरला. रजेचा अर्ज लिहून तयार होता, तो फाडला.

नव्या सुनेचे नाव शालन, आणि तिला आई नाही, हे कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वाचले. तिला माझा पोटभर आशीर्वाद सांग. दुर्गाला म्हणावे, पोरीला स्वयंपाकात चुकले तर हळू बोल.

कपाट कुठवर आले?

ताई

*

आकुर्डी
१६ जुलै १९७८

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे.

लग्नात तुझी पदोपदी आठवण झाली. दुर्गा तर म्हणाली, "वन्सं असत्या तर पुरणाला चव आली असती." तुझा आत्याचा मान, इरकली लुगडे, घेऊन ठेवले आहे. कुणी येणारे-जाणारे भेटले की पाठवतो, नाहीतर पार्सल करतो.

आता आनंदाची बातमी. कपाट झाले. तुझ्या खोलीत, विहिरीकडच्या भिंतीला उभे आहे. गेल्या आठवड्यात मी स्वतः आतून चपड्याचे तीन हात दिले. पावसातसुद्धा आरशासारखा चमकतो आहे, वास म्हणशील तर नावाला नाही. बाबांनी पाहिले असते तर पाठीवर थाप मारली असती. खोलीला कुलूप घातले आहे आणि किल्ली देवाच्या फळीवर ठेवली आहे. तुझ्याशिवाय कुणी उघडायचे नाही असे घरात सांगून ठेवले आहे.

शालन स्वभावाने गरीब आहे. तुझ्याविषयी सारखे विचारते.

तुझा,
ज्ञानदेव

*

शहादा
६ नोव्हेंबर १९७८

चि. ज्ञानदेव,

आशीर्वाद. नेमके भाऊबीजेच्या दिवशी लुगड्याचे पार्सल आले. अंबुबाईने जमिनीवर दिवा लावला, मी पार्सललाच ओवाळले आणि आम्ही दोघी हसलो. काठ सुरेख आहे. रंग माझ्या वयाला शोभणारा आहे. शालनने निवडला असणार, दुर्गाने असा निवडला नसता.

एक विचारते. लुगड्याला जवसाच्या तेलाचा वास आहे. पार्सल सोडल्याबरोबर आला. दोन दिवस दोरीवर वाऱ्यावर टाकले तरी गेला नाही. अंबुबाई म्हणते, नव्या कापडाची खळ असेल. तिचे नाक फिनेलने मेले आहे. माझे अजून शाबूत आहे.

लुगडे घेतल्यापासून कुठे ठेवले होते, तेवढे कळव.

आणि ज्ञानदेव, चपडा पावसात पांढरा पडतो. बाबा आषाढात चपड्याची बाटली उघडत नसत. तुझा चमकला असे तू लिहिलेस तेव्हाच मनात आले होते. म्हटले, कंपनीत काही नवी युक्ती निघाली असेल.

ताई

*

आकुर्डी
२० नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. वास दुकानातच लागला असेल. पुण्यात ज्या दुकानातून लुगडे घेतले, त्याच्या शेजारी रंगाचे दुकान आहे. घरात ते दुर्गाच्या ट्रंकेतच होते. तू एवढ्यातेवढ्यावरून मनाला लावून घेतेस.

ताई, एक सुचवू का? रागावू नकोस. इकडची हवा आता पहिल्यासारखी राहिली नाही. कंपन्यांचा धूर, पाण्याला नंबर लावायचा, रस्त्याने ट्रक. तिकडे तुला सगळे ओळखतात, मान देतात. निवृत्तीनंतर एकदम इकडे आलीस तर करमेल का? आधी वर्षभर तिकडेच खोली घेऊन बघावी असे आम्हा दोघांना वाटते. कपाट काही पळून जात नाही. खोली तर तुझीच आहे.

तुझा,
ज्ञानदेव

*

शहादा
३ डिसेंबर १९७८

ज्ञानदेव,

तुझे पत्र वाचून मी लुगडे पुन्हा खिडकीशी नेले आणि पहिल्याच घड्यांवर दुमडून पाहिले. सगळ्यात खालच्या घडीवर तेलाचा पिवळा डाग आहे. डागाची कड सरळ आहे, रूळ ठेवून आखावी तशी. त्या रेघेपलीकडचे कापड कोरे आहे. दुर्गाची ट्रंक पत्र्याची आहे, मी तिला ओळखते, ती माझ्याच पहिल्या बदलीच्या वेळची. पत्र्यातून तेल सुटत नाही. लुगडे फळीवर होते आणि घडीची एक बाजू फळीच्या बाहेर आली होती. फळी आतून तेल प्यालेली होती आणि कपाट बंद होते.

तुझ्या घरात बंद लाकडी कपाट एकच आहे. ते माझे आहे. कुलपातल्या खोलीतल्या कपाटात लुगडे कसे गेले, एवढे मला सांग.

नको, मीच सांगते. त्या खोलीला कुलूप कधी लागलेच नाही. ज्योती आणि शालन तिथे राहतात. मुलीकडच्यांना तू तीच खोली दाखवलीस आणि माझे कपाटही दाखवलेस. मी लग्नाला आले असते तर खोली बघितली असती, म्हणून कार्ड उशिरा टाकलेस. शिक्क्यावरची तारीख मी तेव्हाच वाचली होती. वाचून पोस्टमनला शिव्या दिल्या. आपला माणूस खोटा ठरण्यापेक्षा पोस्ट खोटे ठरलेले परवडते.

लग्नाच्या पोराला खोली लागते, हे मला कळत नाही असे तुला वाटले? बाळंतपणे करून करून घर म्हणजे काय ते मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. तू लिहायचेस, "ताई, पोराला खोली देतो, तू पुढच्या खोलीत माझ्याजवळ राहा." मी रडले असते आणि हो म्हटले असते. तू मागितले असतेस तर मी दिले असते. तू मागितले नाहीस, काढून घेतलेस, आणि वर मला कपाट झाल्याची आनंदाची बातमी लिहिलीस.

ते मला सगळ्यात लागले. माझ्या तोंडाला पाने पुसायची होती तर पुसायचीस. पण तीन हात चपडा दिला, आरशासारखा चमकतो, बाबांनी थाप मारली असती, हे लिहिताना तुझी पिवळी बोटे थांबली कशी नाहीत? सुताराच्या मुलीला कपाटाच्या आतल्या बाजूवरून फसवलेस. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच.

मी फार रागावले आहे. उत्तर दिले नाहीस तरी चालेल.

कस्तुरा

*

आकुर्डी
११ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या पत्रानंतर दोन महिने हातात लेखणी धरवली नाही. तू लिहिलेस ते सगळे खरे आहे. आता लपवण्यात अर्थ नाही.

पण माझी बाजूही ऐक. स्थळ चांगले होते. तिचा बाप, अर्जुनराव, घर बघायला आला आणि मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. म्हणाला, "ही खोली निवांत हाय. माझ्या पोरीला आई न्हाई, तिला निवांत जागा पायजे." दुर्गा पटकन म्हणाली, "ही तिचीच की." मी गप्प बसलो. गप्प बसलो एवढाच माझा गुन्हा. पुढे एकातून एक वाढत गेले. ज्योतीने लग्नाच्या घाईत एका दुपारी कपाटाला आतून-बाहेरून तेल फासले, मी कामावर होतो. तुला खरे लिहायला बसलो की तुझ्या खोलीचेच कौतुक लिहून व्हायचे. तुला बरे वाटावे म्हणूनच लिहिले, दुसरा हेतू नव्हता.

आता मुख्य गोष्ट. शालनला दिवस गेले आहेत. श्रावणात भरतील. तिला त्या खोलीत पाऊल टाकले की मळमळते, अन्न पोटात ठरत नाही. ती म्हणते कपाटाचा वास सोसत नाही. दुर्गा म्हणते, "डोहाळं हायेत, कपाटाला कशाला बोल लावती?" पोरगी वाळत चालली आहे. तेलाचा वास कशाने जातो ते तुलाच ठाऊक. कृपा करून कळव.

आणि पहिलटकरीण आहे, माहेरी बाईमाणूस नाही. तू जूनअखेर मोकळी होतेसच. तशीच इकडे ये. तुझ्या हाताने सुटका झाली की आम्हाला कसली भीती नाही. पुढच्या खोलीत खाट टाकू. बाळंतपण पार पडेपर्यंत राहा, मग पुढचे पुढे बघू. रक्ताचे नाते असे तुटत नाही, ताई.

तुझा अपराधी,
ज्ञानदेव

*

शहादा
२० फेब्रुवारी १९७९

श्री. ज्ञानदेव चिमाजी सुतार यांस,

आधी कामाचे लिहिते. वास शालनच्या मनातला नाही, कपाटातलाच आहे. कपाट रिकामे करून अंगणात काढा. दारे उघडी टाकून आठवडाभर कडक ऊन दाखवा. मग आतली प्रत्येक बाजू, फळ्यांच्या खालची अंगेसुद्धा, पॉलिशपेपरने घासा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि वर चपड्याचे दोन हात द्या. एक हात पुरा वाळल्यावरच दुसरा. चपडा वास आत कोंडून धरतो. हे उन्हाळ्यात उरका, पावसाची वाट बघू नका. तोवर तिला पुढच्या खोलीत निजवा, आणि सकाळी उठल्याबरोबर कोरडी भाकरी थोडी थोडी खायला द्या. बाळाची कापडे त्या कपाटात या वर्षी ठेवू नका.

गप्प बसलो एवढाच गुन्हा, असे तुम्ही लिहिता. गप्प बसला असतात तर बरे झाले असते. तुम्ही फार बोललात. कुलूप, किल्ली, देवाची फळी, हे सगळे तुम्ही बसून रचलेत. मला बरे वाटावे म्हणून रचलेत, असे म्हणता. मला बरे वाटलेच होते. त्या तुमच्या पत्रावर मी दिवाळीपर्यंत सुखाने जगले. तेही आता माझे राहिले नाही.

गरज सरो, वैद्य मरो, असे लोक म्हणतात. तुमच्याकडे वैद्याला आधी मारले आणि गरज मागून आली. बाळंतपण पार पडेपर्यंत राहा, मग पुढचे पुढे बघू, हे वाक्य लिहिताना तुम्हाला काही वाटले नसेल. मी ते अंबुबाईला वाचून दाखवले नाही. मला लाज वाटली, तुमची की माझी ते कळले नाही.

अंबुबाईच्या घरामागे एक खोली आहे. जूनअखेर मी तिथे जाणार. खोलीला कपाट नाही. माझी पत्र्याची पेटी आहे, तिला आतून काही लावावे लागत नाही. बाबांच्या फळ्या मी परत मागत नाही. त्या आता ज्यांच्या घरात आहेत त्यांनी वापराव्यात.

बाळंतपणाला मी येईन. बोलावणे आले आणि मी गेले नाही असे एकही घर या तालुक्यात नाही, तुमच्या घरासाठी तो नियम कशाला मोडू. शालनची चूक नाही. आई नसलेले मूल वाढवणे काय असते ते मला माहीत आहे. दिवस भरत आले की तार करा, या खेपेला वेळेवर करा. बाराव्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसेन. खाट टाकू नका, माझी सतरंजी माझ्याबरोबर असेल. ती शालनजवळ अंथरीन.

दुर्गाला आणि ज्योतीरामला सांगून ठेवा आणि तुम्हीही ध्यानात ठेवा, तुमच्या दारात उतरेल ती तुमची ताई नव्हे. मला नर्सबाई म्हणायचे. शालनला मात्र यातले काही कळू देऊ नका. ती आत्याबाई म्हणून हाक मारील, तेव्हा मी ओ देईन.

कस्तुराबाई,
परिचारिका, सरकारी दवाखाना, शहादा